पालथ्या कढईचा पडदा

आधीच सांगून ठेवते, मला ती इमारत आवडली नव्हती. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाच वर्षं पत्रे ठोकून आत काहीतरी ठाकठूक चालली होती. पत्रे निघाले तेव्हा आतून पालथी घातलेली कढई बाहेर आली. चंदेरी, चकचकीत आणि अवाढव्य. तिला एक कोपरा म्हणून नाही. भिंत कुठे संपली आणि छप्पर कुठे सुरू झालं, ते बांधणाऱ्यालाच ठाऊक. दार शोधायला जावं तर दार नाही, आपण जवळ गेलो की भिंतच बाजूला सरकते. कागदोपत्री ते 'संस्कृती आणि रचना केंद्र' होतं. गल्लीने पहिल्याच दिवशी तिचं नाव कढई करून टाकलं, आणि आता तिथला पहारेकरीसुद्धा फोनवर "कढईतून बोलतोय" असंच म्हणतो.

आमची गल्ली कापडाची. बटणं, चेन, अस्तर, दोरा, इस्त्रीवाले, रफूवाले, सगळे एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे. बटणवाल्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, एक लांब टेबल, तीन मशीन आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. आम्ही पडदे शिवतो. घरांचे, दवाखान्यांचे, शाळांच्या रंगमंचांचे. हे गेल्यापासून तिघंच आहोत. मी, माझे दीर आणि माझी सून. मुलगा बोटीवर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. त्यामुळे घरात आणि कारखान्यात सासू-सुनेची जोडी चोवीस तास आमनेसामने. लोक विचारतात, कसं जमतं? जमतं कसलं, रोज उडते. पण संध्याकाळी कुलूप लावताना किल्ली कोणाकडे आहे हे दोघींनाही ठाऊक असतं, एवढं जमतं.

तर त्या वर्षी घरमालकाने सांगितलं की इमारत पाडायची आहे, जागा सोडा. त्याच सुमारास कढईने जाहीर केलं की तळमजल्यावर काचेच्या आठ खोल्या गल्लीतल्या कारागिरांसाठी ठेवल्यात. लोकांनी काचेतून काम बघावं, शिकणाऱ्यांनी येऊन शिकावं. सात खोल्या भराभर गेल्या. आठवी पडदेवाल्यांची, पण परीक्षा देऊन. मोठ्या दालनाच्या रंगमंचाचा पडदा शिवायचा, उद्घाटनाआधी टांगून दाखवायचा. जमला तर खोली आपली.

ती खोली मिळाली तर आम्ही तिघं एका टेबलाशी राहणार होतो. नाही मिळाली तर भावोजी आपल्या लेकीकडे परगावी जाणार होते, सूनबाई कुठल्याशा कंपनीत, आणि मी घरी भिंतीशी बोलत बसणार. मला भिंतीशी बोलायचं नव्हतं. भिंत उलट उत्तर देत नाही, मग भांडणार कोणाशी?

खोल्या कोणाला द्यायच्या हे ठरवणाऱ्या बाई केंद्राच्या मुख्य आराखडेकार. बारीक चणीच्या, पायात सपाट बूट, हातात कायम बोटाने चालणारी ती चकाकणारी पाटी. आम्ही त्यांना आपसांत नकाशेबाई म्हणायचो. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला दालन दाखवलं. मी वर बघितलं, खाली बघितलं आणि कपाळाला हात लावला. वरचा रूळ लाटेसारखा वरखाली जाणारा. खालची जमीन डावीकडून उजवीकडे उतरती. म्हणजे पडद्याचे बावीस पट्टे, आणि बावीसच्या बावीस वेगळ्या उंचीचे.

"उंच्या मी पाठवते," नकाशेबाई म्हणाल्या. "पण पडदा पूर्ण तयार होऊन आला पाहिजे. इथे टांगल्यावर सुई-दोरा चालणार नाही. जमीन नवीन आहे."

"अहो, पडदा टांगतात, आठवडाभर लोंबू देतात, मग खालची दुमड घालतात," मी म्हटलं. "कापड आखडतं."

"हे नाही आखडत. नवीन विणीचं आहे, आग न धरणारं. सोबतच्या कागदावर लिहिलंय."

कागदावर काय, काहीही लिहितात. चाळीस वर्षं कापड हाताळलंय मी. न आखडणारं कापड आणि न बोलणारा न्हावी मी अजून पाहिलेला नाही.

काम असं चालायचं. नकाशेबाईंकडून आलेल्या उंच्यांवरून सून संगणकावर प्रत्येक पट्ट्याचा खाका काढणार. तो लांबच लांब कागदावर छापून आणणार. कागद कापडावर पसरून मी खडूने रेघ मारणार. त्या रेघेवर भावोजी कात्री चालवणार. मग शिलाई माझी. चौकोनी पडदा असता तर पट्टे एकमेकांवर ठेवून मीही ताडून पाहिलं असतं. इथे एक पट्टा दुसऱ्याला लागेल तर शपथ. ताडायचं कशाला कशाशी?

सून काम करताना बोलत नाही. मी बोलल्याशिवाय काम करत नाही. आणि भावोजी दोघींच्या मध्ये बसून बारीक आवाजात शीळ घालतात. असे तीन आठवडे गेले. कापड राखाडी निळं, जड, हाताला गार. खरं सांगते, एवढं देखणं कापड टेबलावर आलं की माझा राग निम्मा होतो. बाविसावा पट्टा जोडून झाला तेव्हा भावोजींनी खिडकी उघडली आणि खालच्या बटणवाल्याला ओरडून सांगितलं, "झाला रे!" जसं काही त्याच्याच घरचं कार्य होतं.

सोमवारी सकाळी पडदा टांगला. उद्घाटन शुक्रवारी.

दालनात नकाशेबाई आणि आम्ही तिघं, बाकी रिकाम्या खुर्च्या. त्यांनी पाटीवर बोट ठेवलं. रुळावरून जराही आवाज न करता पडदा दोन्हीकडून येऊन मधे मिळाला. वरून काय सुरेख पडला होता! वळणावर वळण, एक चूण वाकडी नाही. मग नजर खाली गेली.

पडदा जमिनीवर लोळत होता. थोडाथोडका नाही, चांगला वीतभर. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणाच्या तरी मोठ्या बहिणीचा झगा धाकटीला घातल्यासारखा.

मग भावोजींनी घसा साफ केला. "जमीनच तिरकी आहे ना, त्यामुळे वाटतंय तसं."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी पुटपुटले. आता अंगण खरोखरच वाकडं होतं, ही गोष्ट वेगळी.

सून गुडघ्यांवर बसली. टेप काढली. पहिल्या पट्ट्याशी मोजलं, सातव्याशी मोजलं, मग धावत शेवटच्याशी गेली. "सगळीकडे सारखंच जास्त आहे," ती म्हणाली. "सव्वीस सेंटिमीटर. उतारावरही तेवढंच, चढावरही तेवढंच. म्हणजे जमिनीचा दोष नाही, रुळाचाही नाही. हे कोणीतरी हाताने घातलंय."

नकाशेबाईंनी पाटीवर काहीतरी उघडलं. आमचा अर्ज होता तो. "मापांची जबाबदारी, इथे तुमचं नाव आहे," त्या सुनेला म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, तेच जास्त वाईट. "मला कापड वाया गेल्याचं एवढं नाही वाटत. पण या इमारतीत कुठलीच गोष्ट दुसऱ्या गोष्टीसारखी नाही. इथे फक्त मापावर विश्वास ठेवून काम होतं. तेच चुकलं, तर खोली मी कशी देऊ?"

"माझी चूक आहे," सून म्हणाली. "उंच्यांमध्ये मी भर घातली. काकांचा आणि आईंचा काही संबंध नाही."

आता इथे मला जे सांगायचंय ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी गप्प बसले. मला ठाऊक होतं की सगळी चूक तिची नाही. तरी मी गप्प बसले. एक श्वास घेऊन सोडण्याएवढा वेळ असेल. त्या तेवढ्या वेळात माझ्या मनात आलं, बरं झालं, दोष संगणकाचा ठरला, माझ्या हाताचा नाही. चाळीस वर्षांत या हातांना कोणी चुकलेलं म्हटलं नव्हतं. आणि ती पोर खाली गुडघ्यांवर बसून माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी काही बोलेन अशी तिची अपेक्षाच नव्हती. ते मला फार लागलं.

"खोटं बोलतेय ती," मी म्हटलं, आणि माझा आवाज त्या दालनात केवढा तरी मोठा झाला. "चार बोटं मी वाढवली. प्रत्येक रेघ कागदाच्या खाली चार बोटं मारली. हिला सांगितलं नाही. कापड आखडणार म्हणजे आखडणार, आणि या मुलीचा संगणक काय कधी कापडावर झोपलाय का, असं मला वाटलं."

सून आ वासून बघायला लागली. "आई, तुम्ही वाढवलीत? पण मी तुमच्यासाठीच वाढवली होती!"

"म्हणजे?"

"कागद वाचला होता मी. कापड आखडत नाही, हे मला माहीत होतं. पण तुम्ही रोज म्हणायचात, आखडतं, आखडतं. म्हटलं, कशाला वाद, तुमचा शब्द राहू दे. म्हणून खाक्यातच चार बोटं घालून टाकली."

म्हणजे बघा. माझं मन राखायला म्हणून हिने माझं ऐकलं, आणि हिने ऐकलं नसणार म्हणून मी माझंच ऐकलं. रोज बारा तास एका टेबलाशी बसणाऱ्या दोन बायका, आणि एकीने दुसरीला तोंडाने विचारलं नाही!

"आठ बोटं झाली," नकाशेबाई म्हणाल्या. त्या आपल्या हाताची बोटं पडद्याला लावून मोजत होत्या. "पण हे तर त्याहून जास्त आहे."

आम्ही दोघींनी एकदम भावोजींकडे बघितलं. ते छपराकडे बघत होते. बघण्यासारखं छप्पर होतं खरं, पण आत्ता नाही.

"भावोजी?"

"वहिनी, रागावू नका," ते म्हणाले. "तुमचा चष्मा दोन वर्षं बदललेला नाही. मला वाटलं, खडू जरा वरच लागत असेल. कात्रीखाली गेलेलं परत येत नाही. म्हणून मी रेघेच्या खालून कापलं. चारच बोटं."

"चारच बोटं!" मी म्हटलं. "बावीस पट्टे, रोज माझ्यासमोर कापले तुम्ही!"

"तुम्ही बोलत होतात, वहिनी. तुम्ही बोलत असलात की माझ्या हाताकडे बघत नाही."

सुनेला हसू आलं. तिने तोंडावर हात ठेवला, पण खांदे हलत होते. मला आधी संताप आला, मग तिचे खांदे बघून मलाही आवरेना. आमची खोली हातातून चालली होती आणि आम्ही दोघी त्या नव्या कोऱ्या जमिनीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. हसता हसताच सून थांबली. ती मुलगी हसतानाही हिशेब सोडत नाही.

"चार, चार आणि चार, बारा बोटं," ती म्हणाली. "बारा बोटं म्हणजे वीत. वीत तेवीसच्या आतच भरते. हे सव्वीस आहे. अजून दोन बोटं उरतात. ती कोणाची?"

तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. भावोजींनी दोन्ही हात वर केले. मग आम्ही तिघं नकाशेबाईंकडे बघायला लागलो, कारण तिथे दुसरं कोणी नव्हतंच.

त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. पाटी त्यांनी छातीशी धरली. "उंच्या पाठवताना," त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "दोन बोटंच. मागच्या एका इमारतीत माझा पडदा आखूड पडला होता. उद्घाटनाला सगळ्यांना खालून नटांचे पाय दिसत होते. तेव्हापासून मी... कोणाला सांगत नाही, पण थोडं घालते."

"बाई," भावोजी अगदी मायेने म्हणाले, "मग तुम्ही आमच्यातल्याच की."

नकाशेबाईंनी तो लोळणारा काठ उचलून बघितला. मग आल्या आणि आमच्याशेजारी जमिनीवर बसल्या. "माझ्याकडे नऊजण आहेत," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात एका जिन्याचं माप चुकलं. कोणाचं चुकलं ते शोधायला आठवडा गेला. अजूनही कोणी कबूल केलेलं नाही. शुक्रवारपर्यंत तुम्हाला हे नीट करता येईल?"

"इथेच बसून केलं तर," मी म्हटलं. "पडदा खाली न काढता. सुई-दोऱ्याने."

"जमिनीवर सुई पडली तर?"

"तर मी शोधीन. चष्मा बदलून."

मग चार दिवस आम्ही त्या रंगमंचावर तळ ठोकला. जुन्या दुमडी उसवायला नकाशेबाई स्वतः बसल्या. आधी दोन ठिकाणी दोऱ्याबरोबर कापडही ओढलं त्यांनी. मी ओरडले. जीभ चावली, तोवर त्या "बरं, बरं, दाखवा कसं," म्हणून पुढे सरकल्या होत्या. भावोजी बसल्या बसल्या वाकून टाके घालायचे आणि शीळ घालायचे, आणि ती शीळ त्या वाकड्या भिंतींवरून फिरून दुसऱ्या बाजूने परत यायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा ते दचकले, मग त्यांना नादच लागला. दुपारी दालनाच्या काचेच्या भिंतीपलीकडे माणसं गोळा व्हायची. गल्लीतला इस्त्रीवाला येऊन बघून गेला, बटणवाला दोनदा येऊन गेला. कढईत नुसतं बघायला म्हणून आत यायला आमची माणसं पहिल्यांदाच धजावली होती, आणि कोणीच त्यांना अडवत नव्हतं.

माप सून सांगायची. मोठ्याने. पट्ट्याशी उभी राहून, जमिनीपासून बोटभर वर खडू टेकवून म्हणायची, "आई, इथे." आणि मी पिन टोचायची. सांगायला सोपं आहे. पहिल्या पट्ट्याला माझा हात आपोआप खाली गेला. मी त्याला वर आणला. तो पुन्हा गेला. मेला हात, चाळीस वर्षांची खोड. सून बघत होती. मी दात आवळले आणि खडू जिथे होता तिथेच पिन टोचली. बाविसाव्या पट्ट्यापर्यंत हात ऐकायला लागला, असं म्हणणार नाही. पण मी त्याच्याकडून ऐकवून घेतलं.

शुक्रवारी सकाळी, उद्घाटनाचे पाहुणे यायच्या आधी, पडदा शेवटचा लावून बघितला. दोन्ही टोकांकडून येऊन तो मधे मिळाला. खाली बोटभर फट, डावीकडे बोटभर, उजवीकडे बोटभर, उतारभर तेवढीच. त्या सगळ्या वाकड्यातिकड्या दालनात तो एक काठ जमिनीबरोबर चालत गेला होता. मी काही बोलले नाही. भावोजी म्हणाले, की मी एवढा वेळ गप्प राहिल्याचं त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या लग्नानंतर, त्यांच्या नव्हे.

नकाशेबाई पट्ट्यापट्ट्याला वाकून बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेल्या आणि परत आल्या. "आठवी खोली तुमची," त्या म्हणाल्या.

भावोजी मटकन खुर्चीत बसले. सुनेने माझा हात धरला, आणि मी तो काढून घेतला नाही.

"पण एक अट आहे," नकाशेबाई म्हणाल्या. "तुमच्यासाठी आणि माझ्यासाठीसुद्धा. यापुढे मापावर शेवटचा शब्द एकाचाच. तो एकदा पडला की कोणी अर्धं बोटही घालायचं नाही. मला नाव लिहून घ्यायचंय. कोणाचा शब्द?"

"आईंचा," सून लगेच म्हणाली. विचारही केला नाही तिने. भावोजींनीही मान डोलावली. आणि नकाशेबाईंनी लिहायला बोट उचललंसुद्धा.

माझाच असायला हवा होता. कारखाना मी आणि ह्यांनी उभा केला. कापड मला कळतं, टेबल माझं, आणि मोठी मी. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर मी घेतलाही असता तो मान, आणि वर चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण मला तो एक श्वास आठवत होता. ती माझ्यासाठी सगळी चूक अंगावर घेत होती आणि मी गप्प बसले होते, तो.

"तिचा लिहा," मी म्हटलं.

"आई, नको..."

"गप्प बस गं. एकदा तरी सासूचं तोंडावर ऐक. तिचा लिहा, बाई. ती सांगेल ते माप. मी एक रेघ इकडची तिकडे करणार नाही. केली तर मला त्या काचेबाहेर बसवा."

मग तिने जे केलं ते तिने या घरात आल्यापासून कधी केलं नव्हतं. पुढे आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली, नकाशेबाईंसमोर, काचेपलीकडच्या लोकांसमोर. आणि मला रडू फुटलं. चांगलं मोठ्याने, नाक ओढत, अगदी पडद्याला खेटून.

"वहिनी," भावोजी खुर्चीतून म्हणाले, "हवेने कापड आखडत नाही असं लिहिलंय. भिजल्यावर आटत नाही असं कोणी म्हटलेलं नाही. जरा लांब होऊन रडा."